कातेतला दुसरा माणूस

कराटे शिकणारा माणूस सर्वांत जास्त वेळ ज्या गोष्टीला देतो, तिच्याविषयीच त्याला सर्वांत कमी सांगितलेले असते. ती गोष्ट म्हणजे काता. पिवळ्या पट्ट्यापासून काळ्या पट्ट्यापर्यंत प्रत्येक परीक्षेत काता असते, जिल्ह्यापासून राष्ट्रीय पातळीपर्यंत तिची वेगळी पदके असतात. पण ‘हा हात इथे का जातो?’ असे एखाद्या मुलाने विचारले, की बहुतेक वेळा उत्तर मिळते, ‘कातेत तसेच आहे.’ या उत्तरावर ज्यांचे समाधान होत नाही, त्यांच्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या दिशांना, एकट्याने करायच्या हालचालींची मालिका. त्या हालचालींची फोड करून त्यांचा वापर शोधणे याला कराटेत बुंकाई म्हणतात. बुंकाईबद्दल इंग्रजीत आणि जपानीत पुष्कळ लिहिले गेले आहे. मराठीत पट्ट्यांच्या परीक्षेपुरती माहिती देणाऱ्या पुस्तिका मिळतात. कातेचा हेतू उलगडून सांगणारे लेखन मात्र शोधावे लागते. आपल्याकडे शहरांतच नव्हे तर तालुक्याच्या गावांतही शाळेच्या मैदानावर कराटेचे वर्ग भरतात. तिथे घाम गाळणाऱ्या मुलामुलींना आपण काय करतो आहोत हे स्वतःच्या भाषेत कळायला हवे, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. कातेत माणसे दोन असतात, पण दिसते एकच. दुसऱ्याने काय केले, कुठे धरले, कसे ढकलले, हे आपल्याला दिसत नाही. त्याला दिलेले उत्तर तेवढे दिसते. नुसती उत्तरपत्रिका हाती आली आणि प्रश्नपत्रिका हरवली, तर उत्तरे पाठ करता येतील, समजणार नाहीत. म्हणून कातेचा अर्थ शोधायचा तर आधी तो दुसरा माणूस शोधावा लागतो.

शोतोकान शैलीत मुलांना सर्वप्रथम शिकवतात ती काता घेऊ. तिचे नाव हेइआन शोदान. ओकिनावातले तिचे जुने नाव पिनान निदान. मूल सरळ उभे असते. ते डावीकडे वळते, डावी मूठ उजव्या कानापाशी नेते, उजवा हात पुढे खाली सोडते. मग डावा हात तिरपा खाली येतो आणि उजवी मूठ मागे खेचली जाऊन कमरेला लागते. ही गेदान बराई. त्यापाठोपाठ उजवा पाय पुढे टाकून उजव्या मुठीचा ठोसा. वर्गात सांगितला जाणारा अर्थ ठरलेला असतो : डावीकडून कोणी लाथ मारली, ती हाताने बाजूला झटकली आणि ठोसा मारला.

हा अर्थ जोडीदार घेऊन तपासून पाहा. लाथ येत असताना हात आधी कानाशी न्यायला वेळ मिळत नाही. वेळ मिळालाच, तर वेगाने येणाऱ्या नडगीवर आपल्या मनगटाजवळचे हाड आपटते आणि इजा लाथ मारणाऱ्यापेक्षा अडवणाऱ्याला जास्त होते. शिवाय उजवा हात कमरेवर ठेवून तोंड उघडे टाकण्याचे कारण काय? आणि सगळ्यांत मोठी शंका अशी, की रस्त्यावरच्या भांडणात तीन-चार फुटांवरून नीट गुडघा उचलून सरळ लाथ मारणारा माणूस किती जणांनी पाहिला आहे?

आता दुसरा माणूस बदलून बघू. आपल्याकडच्या भांडणात काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. आधी शब्द वाढतात, मग एक जण पुढे सरसावतो, कॉलर किंवा गचांडी धरतो, ढकलतो आणि मोकळा हात फिरवून कानशिलात देतो. बाईच्या बाबतीत मनगट धरून ओढतात, केस धरतात किंवा दंड आवळून भिंतीशी रेटतात. समजा, त्याने आपला उजवा हात पकडला आहे. आपण एका बाजूला वळतो, म्हणजे त्याच्या समोरच्या रेषेतून बाहेर पडतो. उजवा हात कमरेकडे खेचतो, म्हणजे त्याचा पकडणारा हात ताणून त्याचा तोल पुढे आणतो. कानाशी गेलेला डावा हात वाटेत डोक्याला आडोसा देतो आणि खाली येताना आपल्या पुढच्या हाताचे हाड त्याच्या ताणलेल्या कोपराच्या वर किंवा मानेच्या बाजूवर दाबले जाते. तो वाकतो. मग आपण पूर्ण अंगाचे वजन घेऊन पुढे पाऊल टाकतो. मूठ लागली तर लागली. नाही लागली तरी त्या पावलाने तो मागे कोलमडतो आणि आपल्याला निघून जायला वाट मिळते. एकही हालचाल बदललेली नाही. मघाशी फुकट गेलेला कमरेवरचा हात आता सर्वांत महत्त्वाचे काम करतो आहे. त्या खेचणाऱ्या हाताला हिकिते म्हणतात. तो रिकामा नसतो, त्यात समोरच्याचा काहीतरी भाग असतो, एवढे एक सूत्र लक्षात ठेवून आपली नेहमीची काता पुन्हा केली, तरी तिच्यातल्या कितीतरी जागा आपोआप बोलू लागतात.

हाच एक अर्थ खरा, असा माझा दावा नाही. एका हालचालीचे अनेक उपयोग असू शकतात आणि ते असावेत. मात्र अर्थ निवडताना कराटे कुठे आणि कशासाठी जन्मले हे विसरून चालणार नाही.

ओकिनावा हे आज जपानचे एक प्रांत-बेट आहे. 1879 पर्यंत तिथे ऱ्युक्यूचे राज्य होते. त्याचा दरबार शुरीला आणि बंदर नाहाला. या राज्याचा चीनशी शतकानुशतके व्यापार आणि खलित्यांचा संबंध होता, तर 1609 पासून त्याच्यावर जपानच्या सात्सुमा सरदारांची हुकमत होती. कराटे इथल्या दरबारी आणि खानदानी लोकांत वाढले. त्यांतले काही जण राजाचे अंगरक्षक होते; मात्सुमुरा सोकोन हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. रणांगणावर शस्त्रधारी सैन्याशी भिडण्याची ही विद्या नाही, आणि दोन खेळाडूंनी नमस्कार करून सुरू करायच्या सामन्याचीही नाही. अचानक अंगावर आलेल्या माणसापासून सुटण्याची ती विद्या आहे.

याचा पुरावा कातेबाहेरही सापडतो. 1762 साली ऱ्युक्यूचे एक जहाज भरकटून जपानमधल्या तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागले. तिथल्या एका विद्वानाने जहाजावरच्या लोकांशी बोलून टिपणे केली. ती ‘ओशिमा हिक्की’ या नावाने ओळखली जातात. त्यांत कोशांकुन नावाच्या एका चिनी माणसाचा उल्लेख आहे. कुसांकू ही लांबलचक काता त्याच्याच नावाची, असे परंपरा मानते. टिपणात सांगितले आहे ते असे, की हा माणूस सडपातळ होता, पण अंगाशी झटणाऱ्या बळकट माणसालाही पाडत असे. त्याच्या कलेसाठी तिथे वापरलेला शब्द झोंबाझोंबीच्या विद्येचा आहे. कराटेच्या सर्वांत जुन्या लिखित खुणांपैकी एक इतक्या जवळच्या अंतराबद्दल बोलते, हे मला फार मोलाचे वाटते.

पुढचा पुरावा इतोसू आन्को यांचा. 1901 मध्ये त्यांनी ओकिनावाच्या शाळेत कराटे आणले, आणि पाच पिनान काता त्यांनीच बसवल्या. ऑक्टोबर 1908 मध्ये त्यांनी शिक्षण खात्यासाठी दहा कलमांचे एक पत्र लिहिले. त्यात ते म्हणतात, की ही विद्या एकाच प्रतिस्पर्ध्याशी लढत करण्यासाठी नाही. गुंडाशी गाठ पडली तर इजा टाळण्यासाठी आहे. हालचाली पुष्कळ आहेत, तेव्हा प्रत्येकीचा हेतू आणि वापर समजून घेऊन सराव करा, असेही ते बजावतात. आणि पकडीतून सुटण्याच्या तंत्रांबद्दल लिहिताना, त्यातले बरेच काही तोंडीच शिकवले जाते, असे नोंदवतात.

हे शेवटचे वाक्य वाचले की मला मोडीतले जुने कागद आठवतात. अनेक घरांत पणजोबांच्या काळचे दस्त जपून ठेवलेले असतात. मोडी येत नसलेला माणूसही ती अक्षरे हुबेहूब गिरवू शकेल, वळणदार काढू शकेल. पण जमीन कुणाची आणि बांध कुठला, हे त्याला वाचता येणार नाही. कातेचे असेच झाले. आकार शाळेतून, विद्यापीठातून, स्पर्धेतून जगभर गेला. वाचन तोंडी होते, ते मागे राहिले.

का राहिले, हे पाहताना कुणा एकाला दोष देता येत नाही. शाळकरी मुलांना डोळ्यांत बोटे घालायला आणि मान पिरगळायला शिकवायचे नाही, हा इतोसूंचा निर्णय योग्यच होता. मुलांसाठी कवायत आणि शरीरबांधणी पुरेशी होती. 1922 मध्ये फुनाकोशी गिचिन टोकियोत कराटेचे प्रात्यक्षिक द्यायला गेले आणि तिथेच राहिले. त्यांचे शिष्य मुख्यतः विद्यापीठातले तरुण होते. तरुणांना सामने हवे होते. सामन्यासाठी अंतर वाढले, पकड गेली, लांबून झेप घेऊन मारायचा ठोसा आला. 1957 मध्ये जपान कराटे असोसिएशनची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. त्याआधी 1945 च्या वसंतात ओकिनावावर जे युद्ध कोसळले त्यात सुमारे एक लाख नागरिक मेले. गोजू-ऱ्यू शैलीचे संस्थापक मियागी चोजुन यांचा वारस मानला जाणारा शिष्य शिंझातो जिनान त्या वर्षी गेला. नामवंत गुरू क्यान चोतोकू हेही त्याच वर्षी गेले. तोंडी परंपरेत माणूस गेला की ग्रंथालय जाते. मग मागे उरलेल्या आकाराला लोकांनी आपल्याला ठाऊक असलेल्या सामन्याचे अर्थ चिकटवले. लांबून मारलेला ठोसा, लांबून मारलेली लाथ, चार दिशांना उभे असलेले चार शत्रू.

चार शत्रूंची समजूत तर इतकी पक्की बसली आहे, की तिच्यासाठी या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण दिले आहे. कातेत आपण डावीकडे, उजवीकडे, मागे वळतो. तेव्हा तिकडून नवा माणूस आला, असे सांगितले जाते. शितो-ऱ्यू शैलीचे संस्थापक माबुनी केनवा यांनी नाकासोने गेनवा यांच्यासह 1938 मध्ये लिहिलेल्या ‘कराटे-दो न्यूमोन’ या पुस्तकातच ही समजूत खोडून काढली आहे. आठ दिशांना जाणारी काता म्हणजे आठ जणांशी लढाई, या कल्पनेला ते सरळ वेडगळ ठरवतात. दिशा सांगते ती शत्रूच्या संदर्भात आपण कोणत्या कोनात सरकायचे ते. समोरचा माणूस एकच असतो. वळतो तो आपण, त्याच्या बाजूला जाण्यासाठी. हे एकदा मान्य केले की कातेतले प्रत्येक वळण डावपेच होते.

नाइहांची ही काता तर या साऱ्याची शाळाच आहे. शोतोकानमध्ये तिला टेक्की म्हणतात. तिच्यात पुढे-मागे जायचेच नाही; पाय फाकवून घट्ट उभे राहायचे आणि एका सरळ रेषेत आडवे सरकायचे. ‘भिंतीला पाठ लावून लढायची काता’ असे तिचे स्पष्टीकरण देतात. ते मला पटत नाही, कारण भिंतीला पाठ लावून अडकणे ही शिकण्यासारखी युक्ती नव्हे, टाळण्यासारखी वेळ आहे. फुनाकोशींनी आपल्या आत्मकथनात सांगितले आहे, की तीन टेक्की काता शिकण्यात त्यांची दहा वर्षे गेली. आणि प्रत्यक्ष मारामारीत मुरलेले म्हणून ज्यांची कीर्ती होती, त्या मोतोबू चोकी यांचा सगळा भर याच कातेवर होता. नाइहांचीतले उभे राहणे डावीकडे किंवा उजवीकडे वळवले, की खऱ्या झटापटीतला पवित्रा मिळतो, असे ते सांगत.

त्या दृष्टीने काता उघडते कशी ते बघा. सुरुवातीला एक उघडा पंजा बाजूला जातो आणि लगेच दुसऱ्या हाताचे कोपर त्याच पंजात येऊन आदळते. स्वतःच्याच तळहातावर कोपर का मारायचे? कारण त्या पंजात समोरच्याचे डोके किंवा मान आहे; एका हाताने धरायचे आणि दुसऱ्याने मारायचे. मग पुढे पाऊल दुसऱ्या गुडघ्यासमोर वर उचलले जाते. ‘पायाला मारलेला झाडू चुकवला’ असा नेहमीचा अर्थ. पण दोघे छातीला छाती भिडवून एकमेकांना धरून उभे असताना पाय तसाच उचलला, तर तो समोरच्याच्या मांडीच्या आतल्या बाजूला किंवा गुडघ्याला लागतो आणि त्याची पकड ढिली होते. 1926 मध्ये मोतोबूंनी छापलेल्या पुस्तकात जोडीने करायचे बारा सराव आहेत. त्या छायाचित्रांत दोन माणसे किती जवळ उभी आहेत एवढे जरी पाहिले, तरी अर्धा वाद मिटतो.

इथे एक सावधगिरीची सूचना. प्रत्येक काता हा युक्त्यांचा संग्रह असतोच असे नाही. गोजू-ऱ्यूतली सानचिन घ्या. तीन पावले पुढे, वळणे, सावकाश हात, खोल श्वास, सर्वांग आवळलेले. गुरू शिष्याच्या खांद्यांवर, पाठीवर, मांड्यांवर थापा मारून कुठे ढिलाई आहे ते तपासतो. या कातेतल्या प्रत्येक हालचालीत मनगट सोडवण्याची किमया शोधत बसलो तर तिचा मूळ हेतू हुकतो. ती अंग घडवते, उभे राहायला शिकवते. तिथून मिळालेले बळ सेसान, सेयुनचिन यांसारख्या दुसऱ्या कातांत कामी येते.

दुसरी सावधगिरी जास्त गरजेची. वर्गातल्या भाबड्या अर्थांचा कंटाळा आला की काही जण दुसऱ्या टोकाला जातात. मर्मस्थानावर एका बोटाने स्पर्श केला की माणूस बेशुद्ध, सात हालचालींची साखळी आणि ती पूर्ण होईपर्यंत समोरचा पुतळ्यासारखा स्तब्ध. असल्या बुंकाईचा मला मनापासून राग येतो, कारण ती विश्वासाने शिकणाऱ्याचा जीव धोक्यात घालते. घाबरलेल्या माणसाच्या हाताला कंप सुटतो, बोटांचे बारीक काम जमत नाही, दिसण्याचा आवाका आखडतो. त्या अवस्थेत जे जमेल तेच खरे. म्हणून एखादा अर्थ सुचला की जोडीदाराला सांगावे, ‘आता खरोखर धर, सोडू नकोस.’ मग तो चालतो का ते पाहावे. पहिला फटका चुकला तर कातेची पुढची हालचाल त्या फसलेल्या क्षणाला उत्तर देते का, हेही पाहावे. चांगल्या बुंकाईत ती बहुधा देतेच; आणि दोन हालचाली एकमेकींशेजारी का ठेवल्या आहेत, हे तिथेच कळते.

स्पर्धेतल्या कातेविषयी माझ्या मनात अढी नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे 2021 च्या ऑगस्टमध्ये, कराटे पहिल्यांदाच खेळले गेले आणि पुरुषांच्या कातेचे सुवर्ण ओकिनावाच्याच कियुना र्‍यो यांनी जिंकले. इतकी शुद्ध, ताकदवान काता बघणे हा आनंद आहे. पण पंच गुण देतात ते आकाराला, तोलाला, वेगाला. सांघिक कातेच्या पदकाच्या लढतीत बुंकाईही दाखवावी लागते, तरी तिथे उड्या आणि कोलांट्या प्रेक्षकांसाठी असतात. आपले मूल पदक आणते म्हणून ते स्वतःचे रक्षण करू शकेल, असे पालकांनी गृहीत धरू नये. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींसाठी वेगळा सराव लागतो.

स्वसंरक्षणाला कायद्याचीही चौकट आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाचा हक्क कलम 34 ते 44 मध्ये दिला आहे. बचावासाठी लागेल त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क कुणालाही नाही, हे तिथे स्पष्ट आहे. समोरचा पडल्यावर त्याला तुडवत राहणे हा बचाव उरत नाही. कातेचा जो अर्थ मी इथे मांडतो आहे, त्याचा शेवट म्हणूनच सुटून निघून जाण्यात आहे. इतोसूंनी इजा टाळण्याबद्दल लिहिले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर हेच असावे, असे मला वाटते.

या पुस्तकात मी मोजक्याच काता घेतल्या आहेत : पाच पिनान, नाइहांचीची पहिली, पासाई आणि सेसान. शैलीशैलीत तपशील बदलतात; पासाईची तर कितीतरी रूपे आहेत आणि त्यांतले अस्सल कोणते या वादात मी पडलेलो नाही. तुमच्या गुरूंनी जे रूप शिकवले आहे, तेच पायाभूत धरून वाचा. पुस्तकातला अर्थ तुमच्या रूपाशी जुळला नाही तर पुस्तक बाजूला ठेवा, रूप बदलू नका.

वाचकांना एवढीच विनंती, की हे पुस्तक एकट्याने वाचून संपवू नका. एक जोडीदार घ्या. आरंभी अगदी सावकाश करा. मान, कोपर आणि गुडघा यांवर जोर देऊ नका, आणि जोडीदाराने थाप मारली की त्याच क्षणी सोडा. सोळा वर्षांखालच्या मुलांनी शिक्षक समोर असल्याशिवाय मानेच्या पकडी करू नयेत. एखादा अर्थ तुमच्या हातून चालला नाही, तर तो टाकून द्या आणि कळवा. पुढच्या आवृत्तीत त्याची दुरुस्ती करीन.